टाळं म्हणजे दाखला नव्हे

दर काही महिन्यांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या बंद कारखान्याची, नाहीतर काम रखडलेल्या स्टेशनाची रील फिरायला लागते. टॉर्चचा उजेड, गंजलेला जिना, पाठीमागे घुमणारं संगीत आणि 'इथे कित्येक वर्षांत कुणी पाऊल टाकलेलं नाही' अशी ओळ. खाली ठरलेलं भांडण. एक गट म्हणतो, पोरांना चार फटके द्या. दुसरा म्हणतो, कुणाचं काय बिघडवलं त्यांनी, फोटोच तर काढले. तिसरा त्या फोटोत भूत शोधतो, आणि सगळ्यात जास्त लाइक त्यालाच मिळतात. पंधरा दिवसांत विषय विरतो.

तिन्ही गट बोलतात ते आत गेलेल्या माणसाबद्दल. तो शूर की मूर्ख, कलाकार की चोर. जागेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आणि माझं म्हणणं नेमकं जागेबद्दल आहे. एखादं स्टेशन किंवा कारखाना सुरू करायचा तर आपल्याकडे दाखल्यांची रांग लागते: मेट्रो असेल तर सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, लिफ्टची तपासणी, विजेची तपासणी. तीच जागा बंद करायला काय लागतं? एक कुलूप. बंद करणं म्हणजे काहीच न करणं, असं आपण धरून चाललो आहोत. वास्तविक बंद करणं हे एक काम आहे. त्याला पायऱ्या आहेत, खर्च आहे, आणि ते न करणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे. हे होत नाही तोवर आत शिरणाऱ्याला पकडा नाहीतर डोक्यावर घ्या, आतल्या मरणात काडीचा फरक पडत नाही.

परदेशात बंद जागांत शिरून फोटो काढायच्या या छंदाचं माहेर म्हणजे बंद पडलेली भुयारी स्टेशनं. न्यूयॉर्कचं सिटी हॉल स्टेशन १९०४ साली उघडलं आणि १९४५च्या शेवटच्या दिवशी बंद झालं; फलाट वळणावर होता, गाड्या लांब झाल्या, दार आणि फलाट यांतली फट माणूस पडेल एवढी रुंद झाली. लंडनचं ऑल्डविच १९९४ साली बंद झालं. आपल्याकडे अजून बंद पडलेलं भुयारी स्टेशन नाही, म्हणून हा वाद परक्यांचा वाटतो. पण रिकामी स्टेशनं आपण भरपूर पाहिली आहेत. नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गाचं काम २०११मध्ये सुरू झालं आणि पहिला प्रवासी १७ नोव्हेंबर २०२३ला बसला. अकरा स्टेशनांच्या या मार्गाचे सांगाडे मधली कित्येक वर्षं बेलापूर ते पेंधर उभे होते. उरण मार्ग २०१८ साली खारकोपरला येऊन थांबला, तो पुढे उरणला पोचला २०२४ साली. आणि आता आपण जमिनीखाली चाललो आहोत. बुलेट ट्रेनचा बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. घणसोलीला त्याच्यासाठी खोदलेला ३९४ मीटरचा आडवा जोडबोगदा, घणसोलीजवळच सावली या ठिकाणचा उभा शाफ्ट, म्हणजे बोगद्यापर्यंत खाली नेलेला विहिरीसारखा खड्डा. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोतली दोन भुयारी स्टेशनं. काम उरकल्यावर अशा जोडवाटांचं आणि शाफ्टांचं काय करायचं, हा प्रश्न यंत्रं आत असतानाच विचारायचा असतो. यंत्रं निघून गेल्यावर उरतो तो पत्र्याचा दरवाजा.

फटके द्या म्हणणाऱ्यांची एक बाजू आधीच मान्य करतो, कारण ती पक्की आहे. चालू रेल्वेमार्ग ही 'बंद जागा' नव्हेच. पारसिकचा बोगदा १९१६चा, सुमारे १.३ किलोमीटर लांब. जुना, अंधारा, दगडी तोंडाचा, त्यामुळे कॅमेरेवाल्यांना भुरळ घालणारा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तो मिनिटभरात पार करते. खडीवरून, अंधारात, अडखळत चालणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. म्हणजे आत शिरताना बोगदा रिकामा होता, याला अर्थ शून्य. गाडी बोगद्यात आपल्यापुढची हवा ढकलत येते, आवाज भिंतींवरून दोन्हीकडून येतो आणि गाडी पुढून येतेय की मागून हे शेवटच्या काही सेकंदांपर्यंत कळत नाही. इथे १९८९च्या रेल्वे कायद्याचं १४७वं कलम, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, खुशाल लावा. मोटरमनने काय पाप केलंय की त्याने आयुष्यभर कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे घेऊन जगावं?

पण वाद इथे संपत नाही, सुरू होतो. कारण आत जाणाऱ्याला आणि बाहेरून शिव्या घालणाऱ्याला, दोघांनाही 'बंद' या शब्दाने सारखंच फसवलंय.

वीज घ्या. लंडन-पॅरिसच्या मेट्रोत वीज जमिनीलगतच्या वेगळ्या रुळातून येते, ६००-७५० व्होल्ट डीसी. तिकडचे व्हिडिओ पाहून शिकलेला मुलगा खाली बघून पाय टाकतो. आपल्या लोकलला आणि नवी मुंबई मेट्रोला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते, २५ हजार व्होल्ट एसी. त्या तारेला हात लावावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. म्हणून पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेतली वीज ठरवून बंद केलेली, नसताना २ मीटरच्या आत जायचं नाही, हा रेल्वेच्या माणसांसाठीचाही नियम आहे. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून मोबाइल उंच धरला की डोकं आणि तार यांतलं अंतर किती उरतं, हे ज्याचं त्याने मोजावं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे 'मेलेली' तार. चालू तारेला समांतर धावणारी, दोन्ही टोकांना तोडलेली तार माणसाच्या मते बंद असते. पण शेजारच्या २५ हजार व्होल्टमुळे तिच्यात इंडक्शनने व्होल्टेज चढतं, आणि ते माणूस मारायला पुरतं. म्हणून वीज बंद केल्याचा कागद हातात असूनही रेल्वेचा कामगार कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेतली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड अडकवतो: आधी रॉडची केबल रुळाला घट्ट बांधायची, मग रॉड तारेवर टाकायचा. काढताना उलट क्रम. हा क्रम चुकला तर रॉड धरणारा हातच जमिनीकडे जाणारी वाट होतो. अर्धवट मार्गावर, जिथे एका फलाटाची वीज चालू झालीय आणि दुसऱ्याची नाही, तिथे कुठली तार कुठल्या अवस्थेत आहे हे सांगणारी पाटी कुणी पाहिली आहे का?

वीज निदान माहीत तरी असते. खरा मारेकरी हवा. रबाळे, महापे, तुर्भे या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात रसायनं, रंग, औषधं यांचे कारखाने साठच्या दशकापासून आले आणि त्यातले कितीतरी बंद पडले. यंत्रं भंगारात गेली, कारण त्यांना भाव होता. जमिनीखालच्या टाक्या, सांडपाण्याचे संप (जमिनीतले हौद) आणि चेंबर राहिले, कारण त्यांना भाव नव्हता. त्यात गाळ आहे, गाळात सडणं आहे, सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर बरं म्हणायचं. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, चला पुढे. ७००च्या पुढे एक-दोन श्वासांत तो कोसळतो. दुसरी गोष्ट प्राणवायूची. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली जागा असुरक्षित, १६च्या आसपास डोकं नीट चालत नाही, १०च्या खाली शुद्ध जाते. आणि तो कमी व्हायला गॅसच लागतो असं नाही. बंद लोखंडी टाकीत नुसता गंज चढत गेला तरी तो हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. टाकी स्वच्छ असते, कोरडी असते, वास नसतो, आणि आत उतरलेला माणूस शिडीच्या चौथ्या पायरीवर हात सोडतो.

विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपली जुनी पद्धत आहे. तिचा आदर ठेवूनच सांगितलं पाहिजे की इथे ती चालत नाही. कंदील विझला तर प्राणवायू कमी, हे बरोबर. पण हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असताना कंदील निवांत जळत राहतो. आणि मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला तर कंदीलच भडका उडवतो. योग्य पद्धत म्हणजे चार गॅसचा मीटर: प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. तो वापरायच्या दिवशी ज्ञात गॅस देऊन तपासायचा, कारण सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतात आणि मेलेला सेन्सर पडद्यावर शून्यच दाखवतो. मग नळी लावून वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळं मोजायचं, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिरावेपर्यंत थांबून. मिथेन वर चढतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो, तोंडाशी घेतलेला आकडा तळाबद्दल काही सांगत नाही. बाहेर तिपाई, विंच, आतल्याच्या अंगात हार्नेस आणि वरती एक माणूस ज्याने काही झालं तरी आत उडी मारायची नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत मदतीला धावलेल्यांचा वाटा नेहमीच मोठा असतो: एक पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मुकादम. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३६व्या कलमात हे सगळं होतं, अगदी लेखी दाखला आणि दोरासकट. पण तो कायदा चालू कारखान्यातल्या कामगारासाठी होता. कारखाना बंद झाला की कामगार उरत नाही, टाकी उरते.

छप्पर आणि जमीन यांच्यावर थोडक्यात. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. वीस-तीस पावसाळे खाल्लेला पत्रा माणसाचं वजन घेत नाही, आणि खाली दिसणारा बोल्ट ज्या पर्लिनचा (पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडाचा), तो पर्लिनही गंजलेला असतो. खाडीलगतच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि स्लॅबचा खालचा थर सुटतो. वरून स्लॅब धडधाकट दिसतो. अर्धवट स्टेशनात आणखी वेगळं: वर तोंड करून उभ्या राहिलेल्या, टोप्या न घातलेल्या सळया, प्लायवूड टाकून झाकलेला लिफ्टचा खड्डा (प्लाय दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखा होतो), आणि सरकत्या जिन्याच्या खड्ड्यात छातीभर काळं पाणी. त्यात उंदीर पोहतात, म्हणजे त्यांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा तापही आहेच.

पाण्याबद्दल मात्र थांबायला हवं, कारण नवी मुंबईत पाणी खालूनही येतं. सिडकोने हे शहर वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. समुद्र वर असला की खाडीकडच्या झडपा दाबाने आपोआप मिटतात आणि शहरातलं पावसाचं पाणी ओहोटी लागेपर्यंत तलावात थांबतं. व्यवस्था हुशार आहे. पण याचा अर्थ ओहोटीला कोरडा दिसणारा मोठा नाला किंवा बॉक्स कल्व्हर्ट (काँक्रीटची चौकोनी मोरी) हा नाला नसून पाण्याचं प्रतीक्षागृह आहे. भरती साडेचार मीटरच्या वरची आणि त्याच वेळी पाऊस, असं जुळलं की आत शिरलेल्याच्या पुढेही पाणी आणि मागेही. भुयारी स्टेशन याला अपवाद नाही. २६ मे २०२५ला मुंबईच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं ते अर्धवट असलेल्या प्रवेशद्वारातून. चालू स्टेशन होतं, माणसं होती, बातमी तासाभरात सगळीकडे पोचली. कुणीच नसलेल्या, पंप बंद असलेल्या स्टेशनात हेच झालं तर कुणाला कधी कळणार?

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. हे हौशी फोटोवाले म्हणतात: आम्ही गेलो नाही तर कुणीच जाणार नाही. परवानगी मागितली तर उत्तर येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्याने अर्ध्या शतकात हजारो घरं उभी केली, त्या कारखान्यांच्या आतल्या खोल्या, कंट्रोल पॅनेल, शिफ्टच्या पाट्या, कँटीनच्या भिंती भंगारवाल्याच्या ट्रकमधून गेल्या आणि कुणी साधा फोटो काढून ठेवला नाही. हे शंभर टक्के खरं आहे, आणि लाज वाटावी असं आहे. लंडनची टपाल वाहणारी भुयारी रेल्वे २००३ साली बंद झाली. पुढे चोरून आत गेलेल्यांचे फोटो जगभर फिरले. २०१७पासून तिच्यात तिकीट काढून बसता येतं. त्या फोटोंमुळेच ती उघडली असं म्हणणं धाडसाचं, पण लोकांना बंद जागांत रस असतो हे त्यांनी दाखवून दिलं.

तरीही या मंडळींच्या दोन सवयी मला पटत नाहीत. पहिली, पत्ता गुप्त ठेवायचा शिष्टाचार. 'फोटो घ्यायचे, बाकी काही न्यायचं नाही, ठिकाण सांगायचं नाही.' हा नियम इमारतीचं रक्षण करतो, माणसाचं नाही. तळघरात मोबाइलला रेंज नसते आणि बाहेर कुणालाच माहीत नसतं की तुम्ही कुठे आहात. अग्निशमन दल निघणार कुठे? दुसरी, अनुभवाचा दाखला. 'आम्ही दहा वर्षं करतोय, काही झालं नाही.' अनुभवाने माणूस शिकतो ते ज्याची चूक आधी सौम्य शिक्षा देते त्याबद्दल. पाय घसरतो, खरचटतं, पुढच्या वेळी तो जपून टाकतो. गॅस सौम्य शिक्षा देत नाही. पन्नास टाक्यांत उतरून जिवंत आलेला माणूस एक्कावन्नाव्या टाकीबद्दल काहीही शिकलेला नसतो.

आणि प्रशासनाचं आवडतं उत्तर: भिंत घाला, विषय संपवा. हे उत्तर खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर वर्षानुवर्षं तपासून झालंय. दर पावसाळ्यात बंदी, दर पावसाळ्यात पोलीस, आणि दर पावसाळ्यात दुसऱ्या वाटेने वर गेलेली पोरं. बंदीने गर्दी कमी होते हे मान्य. पण जे जातात ते पाट्या नसलेल्या, कुणी नसलेल्या वाटेने जातात. बंदिस्त जागेत तर भिंतीचा आणखी एक परिणाम होतो: हवा खेळायची बंद होते. चारही बाजूंनी बुजवलेलं तळघर हे उघड्या तळघरापेक्षा जास्त घातक असतं, फक्त त्यात जायला पहार लागते.

पहार कोण आणतं, हा या वादात कुणीच न विचारलेला प्रश्न. बंद कारखान्यात सगळ्यात जास्त वेळा शिरणारा माणूस कॅमेरावाला नसतोच. तो केबलमधलं तांबं काढायला आलेला असतो. किंवा भंगार वेचणारी बाई. पावसात आडोसा शोधणारं कुटुंब, चेंडूमागे धावलेलं पोर. आणि ज्याच्या हातात चावी आहे तो पहारेकरी, जो एजन्सीकडून तीन महिन्यांपूर्वी आला आणि ज्याला कुणी सांगितलेलं नाही की कँटीनमागच्या झाकणाखाली काय आहे. या कुणालाही १४७वं कलम वाचून दाखवून उपयोग नाही. त्यांच्यासाठी रीलही बनत नाही, म्हणून वादही होत नाही. 'आगाऊ पोरांना धडा शिकवा' हा युक्तिवाद ऐकायला खमंग आहे. पण जागा मारणारी असेल तर ती आगाऊ आणि गरजू यांत फरक करत नाही.

बंद करणं हे काम आहे, हे मी नवं सांगत नाही. खाणवाल्यांनी ते रक्त सांडून शिकलंय. १८१५ साली इंग्लंडमधल्या हीटन खाणीत खोदणाऱ्यांनी नकळत शेजारचं जुनं, पाण्याने भरलेलं खोदकाम फोडलं आणि ७५ माणसं आणि मुलं गेली. जुनं खोदकाम कुठवर आलंय याचा भरवशाचा नकाशा नव्हता. बंद केलेल्या कोळसाखाणीचा नकाशा सरकारजमा करण्याची सक्ती तिथे १८७२ साली आली. आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळ चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेलं पाणी खाली काम करणाऱ्यांवर कोसळलं. सुमारे पावणेचारशे माणसं मेली. आज आपल्या खाण नियमांत सोडून दिलेल्या खाणीचे नकाशे जमा करणं आणि तोंडाला कुंपण घालणं बंधनकारक आहे, आणि खनिज खाणींना बंद करण्याची योजना आणि त्यासाठीची आर्थिक हमी आधीच द्यावी लागते. म्हणजे देशाला हे कळतं. ते फक्त खाणीपुरतं कळतं. पॅरिसमध्ये १७७४ साली जुन्या दगडखाणींवरचा रस्ता खचला तेव्हा १७७७ साली खास निरीक्षण खातं नेमलं गेलं: आधी मोजा, नकाशा काढा, आधार द्या. ते खातं अजून चालू आहे. तिथेही १९५५पासून भुयारांत विनापरवाना जायला बंदी आहे, लोक तरीही जातात, पोलीस तरीही पकडतात. पण पोलिसांच्या हातात नकाशा असतो.

आणि लंडनचं बेथनल ग्रीन. ३ मार्च १९४३, युद्धाचा काळ. स्टेशन बांधून पुरं झालेलं नव्हतं, गाडी सुरू नव्हती, बॉम्बपासून आसरा म्हणून वापरात होतं. एकच प्रवेशद्वार, ओल्या पायऱ्या, मंद दिवा, जिन्याच्या मधोमध कठडा नाही. सायरन झाला, मोठा आवाज झाला, पुढची बाई अडखळली आणि १७३ माणसं एकावर एक गुदमरून मेली. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नाही. प्रवेशद्वार सुधारायला परवानगी द्या असं स्थानिक पालिकेने १९४१मध्येच कळवलं होतं; ते नाकारलं गेलं. नंतरचा चौकशी अहवालही १९४५पर्यंत दाबून ठेवला. अर्धवट स्टेशन म्हणजे 'अजून काही झालेलं नाही' अशी जागा, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या जिन्याकडे बघावं.

तर जागा बंद केल्याच्या दाखल्यात काय असावं? फार काही नाही. वीज मीटरपाशी नव्हे तर वीज कंपनीच्या खांबावर तोडलेली, आणि आतली केबल काढून नेलेली, म्हणजे तांब्यासाठी येणाऱ्याचं कारणच संपलं. प्रत्येक टाकी, संप, चेंबर रिकामा करून, धुऊन, गॅस-फ्री तपासून, मग वाळू किंवा पातळ काँक्रीटने भरलेला. पेट्रोलच्या टाक्यांसाठी गॅस-फ्री दाखल्याची पद्धत आहेच, तीच इथे. भरता येत नसेल तर जाळी, भिंत नव्हे, म्हणजे हवा खेळेल. शाफ्टच्या तोंडावर प्लाय नाही, स्टीलची ग्रेटिंग, बोल्टने जखडलेली. वर आलेल्या सळया कापलेल्या किंवा वाकवलेल्या. आणि एक नकाशा, अग्निशमन केंद्रात, दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून सही केलेला.

यावरचा खरा अवघड आक्षेप पैशाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली, भूखंड बँकेकडे, बँक कोर्टात, मालक कोण तेच ठरत नाही. टाक्या भरायचे पैसे देणार कोण? इथे आपल्या पट्ट्याची एक सोय आहे जी मुंबईतल्या गिरण्यांना नव्हती: एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, सिडकोची बहुतेक ६० वर्षांच्या. म्हणजे मूळ मालक सरकारी आहे, जिवंत आहे आणि पत्त्यावर सापडतो. भूखंड देताना, हस्तांतर करताना किंवा निवासी वापरात बदलताना बंद करण्याची अनामत घ्या, खाणींकडून घेतात तशी. आज ज्यांची अनामत नाही त्यांचा खर्च आधी सार्वजनिक पैशातून करा आणि भूखंडाच्या लिलावात सगळ्यात पहिला हक्क त्या खर्चाचा ठेवा. बँका ओरडतील. ओरडू देत, टाकी बँकेच्या तारणात धरलेली होतीच की.

धोक्यांची यादी जाहीर करणं म्हणजे चोराला नकाशा देणं, असाही एक आक्षेप येतो. जो केबल चोरायला येतो त्याला आतली वाट तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते. यादीची गरज असते ती नवख्याला आणि त्याला काढायला जाणाऱ्या फायरमनला. रात्री अडीचला कॉल येतो, गाडी गेटवर थांबते, आणि आत जाणाऱ्या माणसाला ठरवायचं असतं की श्वासाच्या हवेचा सेट पाठीला लावायला वेळ घालवायचा की नाही. ते ठरवायला त्याला फक्त पहारेकऱ्याचा चेहरा मिळतो.

काही जागा मात्र उघडा. सगळ्या नाहीत, टाक्या तर अजिबात नाहीत; पण नव्या भुयारी स्टेशनाची सुरू होण्यापूर्वीची एखादी रविवारची सकाळ, काम संपलेल्या जोडबोगद्यात वर्षातून दोन दिवस, बंद कारखाना पाडण्याआधी एक आठवडा. पंधरा-वीस जणांचा गट, बंद बूट, हेल्मेट, मीटर घेतलेला इंजिनियर पुढे. लंडनचं वाहतूक संग्रहालय ऑल्डविचला असंच नेतं, न्यूयॉर्कचं सिटी हॉलला. यामुळे चोरून जाणं थांबेल, असं मी म्हणत नाही. लंडनमध्येही ते थांबलेलं नाही, आणि काहींना तर चोरून जाण्याचीच नशा असते. पण उघडायचं म्हटलं की कुणालातरी आधी आत जाऊन जागा सुरक्षित करावी लागते, सही करावी लागते. मला त्या सहीत रस आहे.

सध्या अशा गेटांवर एकच पाटी असते: 'विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' रंग उडालेला, खालचा फोन नंबर आठ आकडी, लँडलाइनचा, केव्हाच बंद झालेला. त्या जागी हवी आहे ती दुसरी पाटी. तळघरात पाणी १२ फूट. टाकी क्रमांक ३ गॅस-फ्री नाही. उत्तरेकडच्या शेडचं छप्पर वजन घेत नाही. वीज खांबावर तोडली आहे. नकाशा अग्निशमन केंद्रात. तपासणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली तारीख, चालू वर्षाची.